तुळशीदास आणि अकरा मोर

एका गावात एक भोळा नवरा होता. भोळा हा त्याच्या आईचा शब्द. मी त्याला मूर्ख म्हणतो आणि त्याबद्दल माफी मागत नाही. नाव तुळशीदास. त्याची बायको कुंदा ब्लाउजांवर भरतकाम करायची. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, मशीन ती कापडावर भरायचं.

मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी अकरा बायकांनी तिला अकरा ब्लाउज दिले. प्रत्येकाच्या पाठीवर मोर हवा. शुक्रवारी संध्याकाळी द्यायचे. वेळेवर दिले, तर तालुक्यातल्या सगळ्या गटांचं काम तिलाच मिळणार होतं. आणि नेमकी सोमवारी, मोराचा पिसारा काढता काढता, कॉम्प्युटरने मान टाकली.

तालुक्याला कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या नजीरभाईंनी फोनवरच निदान केलं. "जुना प्रोसेसर मोराला पुरत नाही. त्याच बोर्डावर बसेल असा जलद घ्या. रॅम दुप्पट करा. जलद प्रोसेसर तापतो, म्हणून पंखाही मोठा घ्या."

कुंदा कापडात बुडालेली. तिने हे काम नवऱ्यावर सोपवलं. बाईची चूक एवढीच.

सामान आलं. कुंदा म्हणाली, "अहो, प्रोसेसर घट्ट बसवा हं."

तुळशीदासने तो अंगठ्याने दाबला. मग तळहाताने दाबला. मग स्वयंपाकघरातून वरवंटा आणला. खालच्या सगळ्या पिना आडव्या झाल्या.

नजीरभाई मोटारसायकलवर आले. चिमटा घेऊन दीड तास एकेक पिन सरळ करत बसले. मग म्हणाले, "तुळशीदासभाऊ, दाबायचं नाही. नुसतं ठेवायचं. आपोआप बसतं."

"समजलं," तुळशीदास म्हणाला. याला सगळंच लगेच समजतं, हीच तर पंचाईत.

पुढे रॅमची पट्टी. ती त्याने खाचेवर नुसती ठेवली आणि समोर मांडी घालून बसला. एक चहा झाला. दुसरा चहा झाला. पट्टी काही आपोआप बसेना. संध्याकाळी कुंदाने बटण दाबलं, तर कॉम्प्युटर नुसता पीं पीं करत राहिला. पुन्हा नजीरभाईंना फोन.

"अहो, रॅम दाबायची असते. टक् आवाज येईपर्यंत दाबायचं."

"समजलं."

रॅम मग कुंदानेच बसवली. उरला पंखा. पंख्याखाली प्रोसेसरवर थोडी पेस्ट लावतात, म्हणजे उष्णता वर निघून जाते. ती पेस्ट इंजेक्शनसारख्या नळीत मिळते. तुळशीदासने नळी दाबली. टक् झालं नाही. आणखी दाबली. दट्ट्या तळाला टेकला तेव्हा कुठे टक् झालं. पानात श्रीखंड वाढावं तशी ती करडी पेस्ट बोर्डभर वाढून झाली होती.

गुरुवारी नजीरभाई परत आले. त्यांचा आवाज आता बसला होता. "हरभऱ्याएवढी ठेवायची. बाकी सगळं काढून टाकायचं."

"समजलं."

या वेळी त्यांनी स्वतःच्या हाताने पुसलं आणि पंखा बसवूनच ते उठले. कॉम्प्युटर सुरू झाला. तापला नाही, अडला नाही. मशीन रात्रंदिवस चाललं आणि शुक्रवारी दुपारी अकरा पाठींवर अकरा मोर उभे राहिले. कुंदाला फार आनंद झाला. चार दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

"मी बायकांना घेऊन येते," ती म्हणाली. "मोरांवर जास्तीचे धागे लोंबतायत, तेवढे काढून ठेवा."

ज्याला लग्नापासून एक बटण धड लावता आलं नाही, तो माणूस कात्री घेऊन चार तास मान खाली घालून बसला. पाणी प्यायलाही उठला नाही.

कुंदा अकरा बायकांना घेऊन आली. ब्लाउज छान घडी घालून ठेवलेले. पहिला उघडला. पाठभर सुईची भोकं, आणि एक निळा ठिपका. दुसरा उघडला. तसाच. मग एकीलाही पुढचा उघडायचा धीर झाला नाही.

"मोर कुठे गेले?" कुंदाने विचारलं.

"डोळा ठेवलाय ना, हरभऱ्याएवढा," तुळशीदास म्हणाला. "बाकी सगळं काढून टाकलं. नजीरभाईंना विचार हवं तर."