पोवळ्याची दृष्ट

समुद्राकाठच्या एका मोठ्ठ्या बंगल्यात सोनकी नावाची चिमुरडी राहायची. तिला ना आई, ना बाबा. तिची मावशी तिथं स्वयंपाक करायची आणि मावशीचं एकच पालुपद, "सोनके, लुडबुड करू नकोस!" मग बोलायचं तरी कुणाशी, सांगा बरं? बिचारी दिवसभर एकटी एकटी असायची.

दिवाणखान्यात मात्र काचेच्या पेटीत एक इवलासा समुद्र होता. निळेपिवळे मासुले, झुलणारी हिरवी बाग आणि मधोमध एक गुलाबी गुलाबी पोवळं. दगडासारखं दिसतं म्हणून फसू नका हं, पोवळं चांगलं जिवंत असतं! सोनकी त्याला गुलबू म्हणायची. मनातलं सगळं त्यालाच सांगायची.

एकदा मालकीणबाईंनी, यशोधराबाईंनी, पेटीवर नवा लखलखीत दिवा लावला. पाहुणे आले, "अय्या, काय सुंदर!" म्हणत राहिले. आणि गुलबूचा रंग की हो उडायला लागला!

"रंग परत नाही आला तर काढून टाकू ते," बाई म्हणाल्या.

गुलबू गेलं तर सोनकीला कोण उरणार? तिला वाटलं, नक्कीच पाहुण्यांची दृष्ट लागली! मावशी तिची काढायची, तशी तिनं मूठभर मीठ गुलबूवरून ओवाळलं. दृष्टीचं मीठ चुलीत टाकतात. पण गुलबू पडलं समुद्राचं लेकरू, म्हणून तिनं ते पाण्यातच टाकलं. रोज संध्याकाळी तेच. शिवाय पाण्यात हात घालून त्याला मायेनं कुरवाळायचं. गुलबू पांढरंफटक पडलं. सोनकी हमसून हमसून रडू लागली.

"अगं वेडाबाई, पुरे आता!"

पाण्यातल्या बागेतून बोटभर परी वर आली. माशाच्या पंखांसारखे झुळझुळीत पंख, अंगावर मोत्यांची चमचम!

"दिव्यानं ते पोळलंय, मिठानं गुदमरलंय, तुझ्या सारख्या कुरवाळण्यानं दमलंय. एक मागणं माग. पण ज्याच्यासाठी मागशील, त्याला पुन्हा हात लावायचा नाही. आणि आपली चूक आपल्या तोंडानं सांगायची."

सोनकीच्या ओठांवर 'मला एक मैत्रीण दे' असं आलं होतं. तिनं ते गिळलं. "माझं गुलबू बरं होऊ दे," ती म्हणाली.

मग ती बाईंकडे गेली आणि मिठाचं, दिव्याचं सगळं सांगून टाकलं. बाई रागावल्या, चांगल्याच रागावल्या! पण त्यांनी दिवा मंद केला. पेटीतलं खारट झालेलं पाणी थोडं थोडं करून बदलून घेतलं.

सोनकी रोज दुरून बघायची. हात पाठीमागे घट्ट धरायची. फार फार एकटं वाटायचं तिला. तरी तिनं पाण्याला बोट लावलं नाही.

आणि एका सकाळी गुलबूच्या टोकांवर गुलाबी ठिपके उमटले! इवल्या इवल्या बोटांसारखे त्याचे झुबके उघडले, पाण्यात डोलू लागले.

"बाई! बाईसाहेब! लवकर या!"

यशोधराबाई धावत आल्या. बघतच राहिल्या. त्यांना परी दिसली नाही. सोनकीला दिसली.

"दुसऱ्यासाठी मागितलंस ना? आता तुझं घे," परी हळूच म्हणाली. गुलाबी-सोनेरी उजेड झाला आणि त्यात ती विरघळून गेली.

बाईंनी पदर सावरला आणि चक्क जमिनीवर फतकल मारली.

"ये गं सोनके, बस इथं. या मोठ्या घरात माझ्याशीही कुणी बोलत नाही बघ. सांग, काय म्हणतंय तुझं गुलबू?"

आणि सोनकी जी बोलायला लागली, ती काही केल्या थांबेचना.