फणसाची अकरा पानं

“मी एकही पान देणार नाही,” फणसाचं रोप तिसऱ्यांदा म्हणालं, आणि म्हणता म्हणता त्याची मान आणखी खाली गेली.

बागेतली अवजारं माणसांना न विचारता कामं करत, तेव्हाची ही गोष्ट. रोपाला कुंडीतून काढून जमिनीत लावल्याला आठ दिवस झाले होते. झारीने दोन्ही वेळा पाणी पाजलं, पाटीने शेणखत भरवलं, तरी ते कोमेजतच चाललं. असले लाड न बघवून गंजकी म्हातारी कात्री खुंटीवरून उतरली.

“उपटताना तुझी निम्मी मुळं तुटलीत,” ती म्हणाली. “दोन मुळं कमावणार आणि अकरा पानं बसून पिणार, असं घर चालतं होय? सात काढू, म्हणजे जगशील.”

“कसाईण मेली,” झारी मुसमुसली. “लेकराला बोडकं करतेस?”

“तू गप. ओतून ओतून चिखल केलास त्याचा.”

“पण शेजारची पपई मला काठी म्हणेल,” रोप रडवेलं झालं.

कात्रीने कुरकुरत पाती मिटली.

“बरं बाई, माझे दात नको असतील तर कुंपणाशी उभ्या शेळीला बोलावते, तिला मात्र सातापर्यंत मोजता येत नाही.”