सरदाराचा रथ

फार जुन्या काळी इराणी सरदार बरझीनच्या रथाला मेहरू नावाची घोडी जुंपलेली असे. एका लढाईत मॅसिडोनियाचं सैन्य मुद्दाम एका बाजूला सरकत गेलं. त्याला अडवायला इराणी स्वार तिकडे धावले, मधली फळी उघडी पडली आणि त्या खिंडारातून शत्रू आत घुसला. बरझीनने घाईघाईने मेहरूच्या जोडीदार घोड्याचे पट्टे कापले आणि त्याच्यावर मांड ठोकली.

"आपली माणसं अजून लढताहेत," मेहरू संतापून म्हणाली.

"अगं, लगाम सरदारांच्या हातात आहे," घोडा म्हणाला आणि सरदाराला घेऊन पळाला.

लांबून शिपायांना रथावरचं निशाण दिसलं. "सरदार हटलेले नाहीत," असं म्हणत ते पुन्हा शत्रूवर तुटून पडले. सरदार पळाले हे त्यांना कळावं म्हणून मेहरू खूर आपटत, जीव तोडून खिंकाळत राहिली. त्यांना वाटलं, ती आपल्याला चेव आणते आहे.