जुमाबेकचं पोट

“...मग सही नेमकी कधी करणार आहात, एजे?”

प्रणीतने हे सहाव्यांदा विचारलं. आधीच्या पाचही वेळांचं उत्तर एकच होतं.

“बघू.”

बुरुल-एजे व्हरांड्यातल्या हीटरवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. किरगिझस्तानातल्या त्या डोंगरी गावच्या इस्पितळात राउंडच्या आधी त्या रोज अशा दहा मिनिटं उभ्या राहत. एजे म्हणजे तिकडची ताई. वय बाहत्तर, त्यातली पंचेचाळीस वर्षं डॉक्टरकीत गेलेली, तरी ताईच.

प्रणीत कोठावदेच्या मते हा निव्वळ आळस होता. सटाण्याहून इतक्या लांब तो कोणाला हात शेकताना बघायला आला नव्हता. वर्गात पहिला आलेला मुलगा. दुसऱ्या वर्षाला असतानाच मामांनी गावच्या चौकात फ्लेक्स लावला होता : ‘डॉ. प्रणीत यांचे हार्दिक अभिनंदन’. फ्लेक्सवर डॉक्टर व्हायला परीक्षा द्यावी लागत नाही.

वहीला मात्र सही लागते. इंटर्नशिपच्या वहीत सगळ्या पानांवर सह्या झाल्या होत्या. एकच पान कोरं होतं : ‘पोट तपासणे, कोणाच्याही मदतीशिवाय’. वही शुक्रवारी विद्यापीठात द्यायची. आज गुरुवार. पान कोरं राहिलं तर इंटर्नशिप पुन्हा पहिल्यापासून. आणि मग तो फ्लेक्स...

फ्लेक्स आठवला की त्याच्या पोटात गोळा यायचा. सकाळपासून घशाखाली पाणीसुद्धा उतरलं नव्हतं.

“हात बघू,” एजे म्हणाल्या.

प्रणीतने दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले.

“हातांचं काय त्यात? सहीचं बोला ना.” त्याची रशियन आता बरी होती. विनवण्या करून करून सुधारली होती.

एजेंनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या खिशांकडे.

“तीन नंबरच्या कॉटवर जुमाबेक आहे. पोट दुखतंय म्हणतो. मी तपासलंय. आता तू तपास. एकटा. केसपेपर लिही. मग बघू.”

जुमाबेक सत्तरीचा मेंढपाळ. नातवाच्या लग्नातून थेट इस्पितळात आलेला. अंगावर अजून लग्नातला कोट होता.

“किती जेवलात आजोबा?”

“मोजायला मी काय कारकून आहे?”

प्रणीतने त्याचा सदरा वर केला, खिशातले हात काढले आणि पोटावर ठेवले.

“ओय!” म्हातारा कॉटवर उडालाच.

पोट फळीसारखं कडक.

प्रणीतच्या डोळ्यांपुढे पुस्तकातलं पान उभं राहिलं. फळीसारखं पोट, म्हणजे आत काहीतरी फुटलंय. क्षणाचाही उशीर नको. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा फळी. तिसऱ्यांदा म्हाताऱ्याने त्याचं मनगटच धरलं.

“पुरे रे लेका. मी तुझं काय वाईट केलंय?”

प्रणीतने घाईघाईने केसपेपर लिहिला. ‘रोगी घाबरलेला आहे. पोट आवळून आलं आहे. हात लावू देत नाही.’

तीन वाक्यं. आणि तो टेलिफोनकडे धावला.

पाच मिनिटांत स्ट्रेचर आलं. तिकडे सर्जन हात धुवायला गेले.

“कापणार?” जुमाबेक दोन्ही हातांनी कॉट धरून बसला. “अरे, लग्नात मटण चार घास जास्त झालं. एवढ्यासाठी कापतात का माणसाला?”

तेवढ्यात एजे आल्या. हातात बिनकानाचा चहाचा प्याला. वाफाळलेला, काठोकाठ भरलेला. तो त्यांनी प्रणीतपुढे धरला.

प्रणीत एक पाऊल मागे सरला. त्या मुलखात पाहुण्याला अर्धाच प्याला देतात. काठोकाठ भरून दिला की समजायचं, आता उठा.

“एजे, मला घालवू नका. नंतर हवं ते बोला, पण हा माणूस जाईल हो! चहा कसला घेऊन बसलात...”

“धर. दोन्ही हातांनी.”

त्याने धरला. चटका बसला. तो प्याला खाली ठेवायला वाकला.

“धरून ठेव.”

स्ट्रेचरवाला थांबला. जुमाबेक ओरडायचा थांबला. घड्याळ तेवढं चालू होतं. एक मिनिट... दोन... आत काय फुटलंय, किती वाहिलंय, याचा हिशेब प्रणीतच्या डोक्यात चालला होता. त्याची गारठून पांढरी पडलेली बोटं हळूहळू लाल झाली.

“आण इकडे प्याला. आता हात ठेव. दाबू नकोस. नुसता ठेव.”

त्याने ठेवला.

म्हाताऱ्याने डोळे मिटले. मग एक डोळा उघडला.

“हा डॉक्टर बरा आहे. मघाचा कोण होता?”

पोट मऊ होतं. प्रणीतने जपून दाबलं. मऊ. आणखी खोल दाबलं... जुमाबेकने लग्नाच्या जेवणाला शोभेलसा ढेकर दिला.

एजेंनी स्ट्रेचरवाल्याला मानेनेच परत पाठवलं. स्ट्रेचर रिकामं, खडखडत गेलं.

“एजे, मघाशी खरंच फळी होती. देवाशपथ.”

“असणारच.”

“मग... गेली कुठे?”

एजे त्याच प्याल्यातला चहा पीत होत्या.

वही पुढे करायचा प्रणीतला धीर झाला नाही. त्याने केसपेपर उचलला आणि फाडायला घेतला.

एजेंनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. चष्मा लावला. तिन्ही वाक्यं वाचली... पुन्हा एकदा वाचली. मग खिशातून पेन काढलं.

“फाडतोस कशाला? वही आण. तिन्ही वाक्यं बरोबर आहेत. रोग्याचं नाव तेवढं बदल.”