सरखेलाचं निशाण

सरखेल डोईजड होईल या भीतीने एका किनाऱ्याच्या राजाने आपलंच आरमार जाळलं. मुख्य जहाजाची डोलकाठी तेवढी वाड्यासमोर रोवून तिच्यावर स्वतःचं निशाण चढवलं. पुढे शत्रूची गलबतं दिसू लागली, तसा त्याला म्हातारा दर्यासारंग इठोजी आठवला.

"तुला सरखेल केलं. आरमारात याहून मोठा हुद्दा नाही," भर दरबारात राजा ऐटीत म्हणाला. "हे तुझं निशाण. रिवाजाप्रमाणे चढव."

याच निशाणासाठी इठोजीने उभा जन्म दर्यावर काढला होता. त्याने ते कपाळाला लावलं.

"महाराज, रिवाजाने हे मुख्य जहाजाच्या डोलकाठीवर चढतं. ती काठी आता आपल्या दारात आहे. आपलं निशाण उतरवू का?"

उत्तराची वाट न पाहता इठोजीने निशाणाची घडी घातली आणि प्रेतावर शेला ठेवावा तशी डोलकाठीच्या पायथ्याशी ठेवली.