कोरड्या माळावरचा कालवा

एका राज्यात दोन नगरे होती. उत्तरेस नदीकाठी शिरीषपूर, दक्षिणेस सरोवराकाठी कमठगड. मध्ये उजाड माळ, आणि माळावर काळकेतू मांत्रिकाचा मनोरा. दोन्ही नगरांनी आपल्याला दंडवत घालावे, अशी त्याची आज्ञा होती. शिरीषपूरचा राजा वीरसोम ती धुडकावून कमठगडास निघाला, तेव्हा मांत्रिकाने शाप उच्चारला, "या कोरड्या भुईवर जो पाऊल ठेवील, तो पाषाण होईल!" राजा माळाच्या मध्यावर उभ्या उभ्या दगड झाला. वाटा मोडल्या. कमठगडास दिलेल्या लेकी माहेराला पारख्या झाल्या.

राजकन्या तमालिका गादीवर बसली. प्रधान म्हणाले, "राणीसाहेब, एक दंडवत घालू आणि मोकळे होऊ."

"तात न वाकता दगड झाले. मी वाकू?" राणी म्हणाली. "शाप कोरड्या भुईला आहे. आपण भुई ओली करीत जाऊ."

नदीचा काठ फोडला. पाणी आत आले, त्यात उभे राहून माणसे पुढची माती पाडू लागली. पाणी पुढे सरके, मग माणसे पुढे सरकत. राणी पदर खोचून पाट्या उचलीत होती. तिने खंड्या पक्ष्याला हाक मारली, "पाखरा, कमठगडास सांग, तुम्हीही तुमच्या बाजूने खणा."

"सांगतो," म्हणत खंड्या उडाला.

मांत्रिकाने आधी माळाला तहान लावली. पाणी भराभर जिरू लागले. राणी ओरडली, "गाळ आणा! तुडवा!" नदीचा चिकण गाळ हातोहात आला, तळाला तुडवून बसवला. पाणी टिकले.

मग काठावर सोन्याचे हंडे उगवले. रुद्रा बेलदाराने मोहाने काठावर उडी घेतली आणि हात पसरलेलाच दगड झाला. त्याची बायको कजरी ऊर बडवून रडली. मग तिने त्याची कुदळ उचलली.

"कजरी, तू घरी जा," राणी म्हणाली.

"माझा धनी इथं उभा आहे, बाईसाहेब. घरी कोणाकडं जाऊ?"

कालवा वीरसोमाच्या पुतळ्याशी भिडला, तेव्हा काळकेतू गिधाडावर बसून आला. "पुढे बाप आहे. फोड त्याला, नाहीतर वाक!"

"फोडणार नाही आणि वाकणारही नाही."

"पायाखालची माती काढशील, तर कोसळून चुरा होईल."

तोच पुतळ्यामागून कुदळींचे घाव ऐकू आले. कमठगडची माणसे सरोवराचे पाणी घेऊन येऊन ठेपली होती. राणी ओरडली, "खांदे द्या!" दोन्ही नगरांच्या लोकांनी राजाला खांद्यांवर तोलले. कजरीने शेवटची माती पाडली. नदी आणि सरोवर राजाच्या पायांशी एक झाले.

दगड पायांपासून निवळत गेला. राजाने श्वास घेतला.

"वाकलीस का, पोरी?"

"नाही, तात."

माळ आता कोरडा उरला नाही, शाप फिटला. मनोरा ढासळला, मंत्र विरले आणि गिधाडाने काळकेतूला माळावर टाकून दिले. पहिली नाव माहेरवाशिणींनी भरून आली. काठावर पुन्हा माणूस झालेला रुद्रा मान खाली घालून उभा होता. कजरीने त्याच्या हाती कुदळ दिली. "चल, अजून काठ बांधायचा आहे."

तमालिकेने दवंडी पिटवली, "या कालव्यावर कोणी कोणापुढे वाकायचे नाही. वाकायचे ते घागर भरायला!"