परतीची नाव

“सगळं सांगितलं तिने?”

“सगळं, सर. एकाच बैठकीत.”

डॉक्टर काझींनी चहाची कपबशी खाली ठेवली.

धरणाच्या पाण्याकाठी एक दर्गा आहे. मनाने आजारी माणसांना घरचे तिथे आणतात, म्हणून काझी दर गुरुवारी दर्ग्याच्या ओवरीतच दवाखाना मांडत. म्हातारे झाले होते. लोक त्यांना बाबा म्हणत. मुकुल रेगे हा त्यांच्या हाताखाली शिकायला आलेला तरुण डॉक्टर. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला माहीत होतं.

“तुम्ही पावसाळ्यापासून हौसाबाईंशी नुसतं कोंबड्यांबद्दल बोलताय,” मुकुल म्हणाला.

“बऱ्या आहेत का कोंबड्या?”

“सर, मी थट्टा करत नाहीये.”

“मीही नाही. एक खुडूक बसली होती, अंडी देईना.”

मुकुल हसला नाही.

“छाती धडधडते, झोप नाही, एवढंच त्या सांगायच्या. आज मी नीट, क्रमाने विचारलं. गेल्या वर्षी नाव उलटली तेव्हा त्या नावेत होत्या. मुलगी बरोबर होती. ती गेली. रोज स्वप्नात तेच दिसतं. भांडं पडलं तरी दचकतात. मुलीचं नाव घरात कुणी काढलेलं चालत नाही. आघातानंतरचा विकार आहे, सर. एकही लक्षण बाकी नाही.”

काझींनी कपबशी बाजूला सारली.

“निदान बरोबर आहे,” ते म्हणाले.

मुकुलला बरं वाटलं.

“शेवटी काय विचारलंस?”

“मुलीचा हात कसा सुटला ते.”

“मग?”

“म्हणाल्या, सुटला नाही, मी सोडला. दुसऱ्या हाताने त्यांनी नावेची कड धरली होती... अपराधाची भावना, सर. तीही लक्षणांत बसते.”

“मग?”

“मग काय? बाहेर माणसं खोळंबली होती. पुढच्या गुरुवारी या म्हटलं.”

“रडली?”

“नाही. अगदी शांत होत्या. नमस्कार केला आणि गेल्या.”

ओवरीत ऊद जळत होता. काझींनी बाहेर मावळत्या उन्हाकडे पाहिलं.

“कुठे गेली?”

“घरी.”

“घर कुठे?”

“पलीकडच्या वाडीत. पाण्याच्या...”

मुकुल थांबला.

काझी उठले. चपलाही न घालता पायऱ्या उतरू लागले.

धक्क्यावर दिवसाची शेवटची नाव उभी होती. माणसं बसली होती. हौसाबाई काठावरच्या दगडावर बसली होती. डाव्या हाताने तिने आपलंच उजवं मनगट आवळून धरलं होतं. बोटं पांढरी पडली होती.

येसू नावाडी काकुळतीला आला होता.

“बाबा, बघा की हिला. पाय ठेवती अन् मागं घेती. सकाळी याच नावेतनं आली. तुझ्या नावेपरीस माझी म्हैस बरी पळती, म्हणाली मला. सगळी हसली. वर्षभर येती-जाती ही. आज काय झालं हिला?”



मुकुल पुढे झाला.

“हौसाबाई, तुम्हाला आत्ता नेमकं काय वा...”

काझींनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. तो त्यांनी लगेच काढला नाही.

मग ते तिच्या शेजारी दगडावर बसले. ती बघत होती तिकडेच बघू लागले.

“घरी कोण आहे, पोरी?”

“सासू.” ती म्हणाली. “तिला दिसत न्हाई. चूल मी गेल्याबिगर पेटत न्हाई.”

“बरं.”

“बाबा, सकाळी मी आले की हो. मग आता का...” ती पाण्याकडे बघत होती. “आता हात दिसतोय.”

“बरं,” काझी म्हणाले.

नावेत कुणीतरी कुरकुरलं. काझींनी येसूला खूण केली.

“तू जा. हिच्या सासूला सांग, हौसा रस्त्याने येतेय. आणि तुझ्या बायकोला म्हणावं, आज तिची चूल पेटव.”

नाव सुटली. हौसाबाईने डोळे मिटले. वल्ह्यांचा आवाज लांब जाईपर्यंत ती तशीच होती.

मुकुल उभाच होता. त्याचा चेहरा उतरला होता.

“सर... मी विचारायलाच नको होतं का?”

“विचारायचं होतं.”

“मग?”

काझी गुडघ्यावर हात टेकून उठले. हौसाबाईला हात दिला. तिने तो धरला नाही. ते तसेच, हात पुढे करून उभे राहिले. शेवटी ती आपली आपणच उठली.

“बुटाच्या नाड्या बांध,” ते मुकुलला म्हणाले. “धरणाच्या भिंतीवरून रस्ता जातो. उजाडेल पोचायला. तू तिच्या बरोबर चाल. मी मागून येतोच आहे, गुडघे आणतील तसा.”

मुकुल खाली वाकला. नाडी त्याला नीट बांधता येईना.

“वाटेत काय विचारू?”

“काही नाही.”

“आणि त्या स्वतःच बोलायला लागल्या तर?”

“तर ऐक. आणि घर येईपर्यंत चालणं थांबवू नकोस.”